परळी बंद पडली म्हणून अंधार होत नाही

उन्हाळ्यात लाइट गेली की नांदेड-लातूरकडे दोन गोष्टी हमखास ऐकू येतात: परळीचे औष्णिक वीज केंद्र बंद असेल, नाहीतर आपली वीज मुंबईला गेली असेल. दोन्ही समजांना वस्तुस्थितीचा आधार नाही. परळीची वीज आधी लातूर-नांदेडला आणि उरली तर पुढे, असा हिशेब नसतो. राज्यातली सारी वीज एकाच जाळ्यात जाते. जुलै 2015 मध्ये खडका बंधाऱ्यात पाणी उरले नाही म्हणून परळीचे संच बंद करावे लागले. पुढच्या एप्रिलमध्ये लातूरला पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले. वीज मात्र चंद्रपूर-कोराडीच्या वीज केंद्रांकडून तारांवरून येतच होती. मुंबई शहर आणि उपनगरांच्या बहुतेक भागाला तर बेस्ट, टाटा आणि अदानी वीज देतात आणि तिच्या खरेदीचे करारही त्यांचे स्वतंत्र आहेत.

वीज कमी पडली म्हणजे सरकारने काहीच योजले नव्हते, हाही समज पुरा खरा नाही. एप्रिल 2022 मध्ये महावितरणची मागणी 24 हजार मेगावॉटच्या पुढे गेली, कोळसा अपुरा होता आणि तूट अडीच हजार मेगावॉटच्या आसपास पोचली. तेव्हा राज्याने टाटांच्या मुंद्रा प्रकल्पातून 760 मेगावॉट घेण्याचे ठरवले, वीजबाजारातून महागडी खरेदी केली आणि संध्याकाळच्या मागणीसाठी कोयनेचे पाणी वापरले. एवढे करूनही तूट भरली नाही, तेव्हा भारनियमन आले. ते कुठे करायचे हेही आधीच ठरलेले होते. वीजगळती आणि थकबाकीनुसार फीडरचे, म्हणजे उपकेंद्रातून गावांकडे जाणाऱ्या वाहिन्यांचे, गट पाडलेले असतात. सर्वांत वाईट आकड्यांचे जी-1, जी-2, जी-3 हे गट आधी बंद होतात. हे गट ठरवताना जिल्ह्याचे नाव पाहिले जात नाही.

मग मराठवाड्यावर अन्याय होत नाही का? होतो, आणि त्याचे मूळ या मोजपट्टीत आहे. चोरी आणि थकबाकी रोखायला धाक हवा, हे महावितरणचे म्हणणे रास्त आहे; पैसे न भरलेली वीज कुणीतरी विकत घेतलेलीच असते. पण एका फीडरवर तारेवर आकडे टाकून वीज चोरणारा आणि दर महिन्याला बिल भरणारा दोघेही असतात, आणि अंधार दोघांच्या घरी सारखाच होतो. त्याहून गंभीर बाब म्हणजे असंख्य कृषीपंपांना मीटरच नाहीत. त्यांचा वापर अश्वशक्तीवरून अंदाजाने धरला जातो. अंदाज चुकला की गळतीचा आकडा चुकतो, आणि त्या आकड्यावर गावाचा गट ठरतो. शिक्षा द्यायचीच तर मोजमाप फीडरवर न थांबता प्रत्येक डीपीपर्यंत (गावातल्या रोहित्रापर्यंत) गेले पाहिजे. ज्या डीपीवरची वसुली चोख आहे, तिला अंधारातून वगळण्याची सोय तेव्हाच करता येईल. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने पंपांना दिवसा वीज मिळेल, ती मोठीच सोय आहे. मात्र सूर्य मावळल्यावरची तूट तिने भरत नाही.

म्हणून पुढच्या वेळी लाइट गेली की मुंबईला दोष देत बसू नका. आपला फीडर कोणत्या गटात आहे, त्याची गळती किती दाखवली आहे आणि ती कशी मोजली, हे महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात लेखी विचारा.