खोल पाणी आणि दगडाचे देणे

विहीर आटली की बोअर, बोअर आटली की आणखी खोल बोअर, हा गेल्या पन्नास वर्षांतला आपला क्रम आहे. त्याबरोबर एक समजूतही रुजली : वरचे पाणी दूषित, खालचे निवळशंख. जंतूंपुरती ती बरीचशी खरी आहे. पण पाणी जितके खोल, तितका त्याचा दगडाशी सहवास लांबतो, आणि दगड त्याला रिकाम्या हाताने पाठवत नाही. मी या विषयात पदवी घेतलेली नाही. भूजलाचे अहवाल आणि भूशास्त्रीय नकाशे शेजारी ठेवून वाचण्याचा छंद तेवढा आहे. त्यातून जे हाती आले, ते इथे मांडतो.

रेडियमचा शोध १८९८चा. त्यानंतर पाचेक वर्षांतच जे. जे. थॉमसन यांना केंब्रिजच्या विहिरीच्या पाण्यात किरणोत्सारी वायू सापडला. तो रेडॉन. तेव्हा अणुभट्ट्या नव्हत्या, अणुबॉम्ब नव्हता. हे द्रव्य पृथ्वीचे स्वतःचे आहे.

प्रत्येक खडकात थोडे युरेनियम आणि थोरियम असते. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम साधारण दहा लाख भागांत तीन ते पाच भाग, तर आपल्या काळ्या बेसाल्टमध्ये बहुधा एकाहून कमी. युरेनियम-२३८चे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षांचे. त्याच्या वंशात पुढे रेडियम-२२६ येते, अर्धायुष्य १६०० वर्षे. त्याच्या पोटी रेडॉन, जेमतेम पावणेचार दिवसांचा.

एकाच कुळातली ही मंडळी, पण पाण्याशी वागण्याची रीत वेगळी. प्राणवायू असलेल्या पाण्यात युरेनियम विरघळते आणि बायकार्बोनेटशी जोडी जमवून दूरवर वाहते. प्राणवायू नसेल तर ते खडकातच अडकून राहते. रेडियमचा स्वभाव कॅल्शियम-बेरियमसारखा. चिकणमाती आणि लोह-मँगनीजची ऑक्साइडे त्याला धरून ठेवतात. पाणी खारट झाले, किंवा प्राणवायू संपून ती ऑक्साइडे विरघळली, की ते सुटते. थोरियम मात्र पाण्यात जवळजवळ उतरतच नाही.

पूर्व कर्नाटक हे युरेनियमचे उदाहरण. कोलार, चिक्कबळ्ळापूरकडे जमीन जुन्या ग्रॅनाइट आणि नाइस खडकांची आहे आणि बोअर हजार फुटांपलीकडे गेल्या आहेत. तिथल्या एका पाहणीत ७३ गावांपैकी ५७ गावांच्या पाण्यात युरेनियम लिटरला ३० मायक्रोग्रॅमहून जास्त आढळले. ३० ही जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा. इथे धोका किरणांपेक्षा रसायनाचा अधिक आहे, आणि त्याचा भार मूत्रपिंडावर पडतो.

रेडियमचे उदाहरण जॉर्डनमधले. डिसीच्या वालुकाश्मात सुमारे तीस हजार वर्षांपूर्वीच्या पावसाचे पाणी साठले आहे. गोडे, प्राणवायू असलेले. ठोकताळ्यानुसार त्यात रेडियम फार नसायला हवे. पण अवनेर वेंगोश आणि सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ते पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या कित्येक पट निघाले. कारण त्या वालुकाश्मात रेडियमला धरून ठेवील अशी चिकणमाती फारच कमी. पाणी जुने म्हणून रेडियम जुने, असेही नाही. थोरियमपासून येणाऱ्या रेडियम-२२८चे अर्धायुष्य सहाएक वर्षांचेच. म्हणजे खडक ते आजही रोज घडवतो आहे. रेडियम शरीरात कॅल्शियमच्या वाटेने हाडांत जाऊन बसते, म्हणून ते दुर्लक्षिण्याजोगे नाही. तरी २०१३पासून हेच पाणी सव्वातीनशे किलोमीटरच्या नळाने अम्मानला जाते. तहानलेल्या देशापुढे दुसरा मार्ग थोडाच होता. दुसऱ्या स्रोताचे पाणी मिसळून रेडियमचे प्रमाण खाली आणता येते.

मग आपले काय? महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टचा, त्यामुळे आपली जोखीम तुलनेने कमी. पण भंडारा, गोंदिया, गडचिरोली, नांदेडचा देगलूर-बिलोलीकडचा पट्टा, सिंधुदुर्गाचा काही भाग यांच्या खाली जुने ग्रॅनाइट-नाइस खडक आहेत. तिथले पाणी वाईटच असेल असे मी म्हणत नाही. डिसीने शिकवले ते इतकेच की, खडकाचे नाव किंवा बोअरची खोली पाहून पाण्याचा निवाडा करता येत नाही. खडक, प्राणवायू, क्षार आणि माती यांचा मेळ दर ठिकाणी निराळा. शेजारच्या बोअरचा दाखलाही चालत नाही.

हे द्रव्य रंग, वास, चव यांतून कळत नाही. उकळल्याने युरेनियम जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. आरओ यंत्र ते बरेचसे अडवते. पाणी मऊ करणारे रेझिन रेडियम धरते. रेडॉन तर पाणी हवेत खळाळले की निघून जातो. उपाय आहेत, पण कोणता लागू करायचा हे तपासणीनंतरच ठरते. गावाची नवी बोअर पिण्यासाठी सुरू करण्याआधी क्षार आणि जंतूंच्या जोडीला युरेनियमही एकदा मोजावे. एका बोअरच्या खोदाईखर्चापुढे ही रक्कम किरकोळ ठरेल, आणि त्या नळावर पुढची वीस-तीस वर्षे मुले पाणी पिणार असतात.