नागपूरचा घाम, झांझिबारचा घाम

मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात ज्याने आयुष्य काढले आहे, तो ३२ अंश सेल्सिअस या आकड्याला भिईल काय? मीही भ्यालो नव्हतो. २०१७ च्या जानेवारीत पदार्थविज्ञान शिकविण्यासाठी मी झांझिबारला निघालो, तेव्हा घरच्यांना मोठ्या ऐटीत सांगितले, ‘‘तिथे पारा ३३ च्या वर क्वचितच चढतो. आपल्याकडे तर ४५! मला काय होणार?’’

ही ऐट पाचव्याच दिवशी उतरली.

नकाशा उघडा. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ, विषुववृत्ताच्या दक्षिणेस अवघ्या ६ अंशांवर हे बेट तुम्हांला सापडेल. ते टांझानिया देशाचा भाग आहे. भर दुपारी मी वर्गात न्यूटनचा दुसरा नियम शिकवीत होतो. अंगात टेरिकॉटचा सदरा होता आणि तो पाठीला चिकटला होता. एकाएकी फळ्यावरची अक्षरे फिरू लागली, पिंडऱ्यांत गोळे आले आणि मी मटकन खाली बसलो. मुले धावली. एकाने सदऱ्याची बटणे सोडली, दुसऱ्याने वहीने वारा घातला, तिसरा बाहेर पळत जाऊन शहाळे घेऊन आला. शहाळ्याला तिकडे ‘दाफू’ म्हणतात. शिक्षकाला म्हणतात ‘म्वालिमू’. ‘‘म्वालिमू, पोले पोले,’’ मुले म्हणत होती. म्हणजे ‘गुरुजी, सावकाश, सावकाश.’

पंचेचाळीस अंशांत सायकल हाणणारा मी ३१ अंशांत कसा आडवा झालो?

दोन तापमापकांची साक्ष

बरे वाटल्यावर मी प्रयोगशाळेतून दोन तापमापक घेतले. एकाच्या फुग्याला ओल्या सुती कापडाची पट्टी गुंडाळली, दुसरा तसाच कोरडा ठेवला. पाण्याचे बाष्पीभवन होताना ते उष्णता शोषून घेते, म्हणून ओला तापमापक नेहमी कमी तापमान दाखवितो. हवा जितकी कोरडी, तितका हा फरक मोठा. त्या दुपारी कोरडा तापमापक ३१ अंश दाखवीत होता आणि ओला २७. फरक फक्त ४ अंशांचा! कोष्टकावरून सापेक्ष आर्द्रता निघाली सुमारे ७३ टक्के. नागपूरला मे महिन्यात कोरडा तापमापक ४५ अंशांवर असतो. हवेतील आर्द्रता १० टक्के धरली, तर ओला २२ अंशांच्या आसपास थांबतो. म्हणजे फरक तब्बल २३ अंशांचा.

आता आपल्या शरीराकडे वळू. आपली घामेजलेली त्वचा हासुद्धा एक ओला तापमापकच आहे! त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. त्या तापमानाला १ ग्रॅम घाम वाळला, की तो सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. मात्र घाम वाळला पाहिजे. नुसता ओघळून जमिनीवर पडला, तर शरीरातले पाणी आणि मीठ जाते, उष्णता मात्र आतच राहते.

घाम किती वेगाने वाळेल, हे त्वचेवरील आणि हवेतील बाष्पदाबांच्या फरकावर अवलंबून असते. ३५ अंशांच्या ओल्या त्वचेवर बाष्पदाब पाऱ्याच्या सुमारे ४२ मिलिमीटर इतका असतो. नागपूरच्या त्या कोरड्या हवेत तो जेमतेम ७, तर झांझिबारच्या हवेत सुमारे २५. वजाबाकी करा: तिकडे ३५, इकडे १७. वारा सारखाच असेल, तर घाम वाळण्याचा वेग निम्माच!

माझ्या आजारपणाचे कोडे असे सुटले. मुंबई-रत्नागिरीच्या वाचकांना हे वाचून हसू येईल. उन्हाळा वेगळा आणि उकाडा वेगळा, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

माठ रुसला, पंखा पावला

मग घरातल्या एकेक गोष्टीचा उलगडा होऊ लागला. हौसेने आणलेल्या मातीच्या माठातले पाणी गारच होईना. वाळ्याचे पडदे लावलेला कूलर इथे कोणाकडे दिसत नव्हता, कोठून दिसणार? दोघांचाही धंदा बाष्पीभवनाचा. उलट पंखा मात्र पावला. पंखा हवा थंड करीत नाही. तो अंगालगतचा दमट थर हटवितो. हवा त्वचेपेक्षा थंड असल्याने तिचा झोत इथे सुखाचा वाटतो. नागपूरच्या दुपारी तोच पंखा झळा फेकतो!

टेरिकॉट पेटीत गेले आणि सैल सुती सदरे बाहेर आले. तिथले पुरुष ‘कांझू’ नावाचा पायघोळ, पांढरा, सैल अंगरखा का घालतात, हेही कळले. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, पण सोडियम थोडे. म्हणून मी मीठ-साखर-लिंबाचे पाणीही पीत राहिलो. ‘पोले पोले’ तर मोलाचे ठरले, कारण स्नायू जितके राबतात तितकी उष्णता अंगात निर्माण होते.

सुमारे दोन आठवड्यांत शरीरही शिकले. घाम लवकर सुटू लागतो, त्यातले मिठाचे प्रमाण घटते, रक्तातील द्रव वाढतो आणि हृदयाची धडधड कमी होते. नव्या हवामानाशी जुळवून घ्यायला शरीराला इतका अवधी लागतोच. तो मी दिला नव्हता.

चार म्हणजे दहा!

शरीर रुळले, पण घड्याळाने फजिती केली. शनिवारी जादा तास घ्यायचा ठरला. मुले म्हणाली, ‘‘सा न्ने.’’ स्वाहिलीत ‘न्ने’ म्हणजे चार, हे मी नुकतेच पाठ केले होते. दुपारी चारला गेलो, तर वर्ग रिकामा! मुले सकाळी दहाला येऊन दोन तास ताटकळून परत गेली होती. स्वाहिली भाषेत तास मोजायला सुरुवात होते ती सकाळी सहापासून. सात वाजले की एक, दहा वाजले की चार.

ही पद्धत विक्षिप्त वाटते ना? पण विचार करा. नागपूरला सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात अडीच तासांहून अधिक फरक असतो. झांझिबारला जेमतेम पाऊण तास. बारा महिने सूर्य सहा-साडेसहाच्या सुमारास उगवतो. मग दिवसाची मोजणी सकाळपासूनच का करू नये? सोमवारी मी वर्गाची क्षमा मागितली आणि मुलांनीच मला त्यांचे घड्याळ शिकविले.

तुम्ही करून पाहा

दोन तापमापक, सुती पट्टी आणि वाटीभर पाणी घ्या. तापमापक सावलीत टांगा, पट्टीचे टोक पाण्यात सोडा आणि एका तापमापकाच्या फुग्यावर ती गुंडाळा. पंधरा मिनिटांनी दोन्हींवरची तापमाने टिपा. हाच प्रयोग मे महिन्यात करा आणि पुन्हा जुलैत करा. फरक ४-५ अंशांहून कमी आला आणि पारा तिशीपलीकडे असला, तर त्या दुपारी कबड्डी खेळताना माझी आठवण ठेवा. पाणी जवळ असू द्या, आणि पोले पोले!