मुक्या वेदनेची पारख : अकाली जन्मलेली बालके आणि परिचारिका

गर्भावस्थेचे 37 आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या बालकाचा जीव वाचविण्यासाठी अनेकदा त्याला काचपेटीत ठेवावे लागते. टाचेला सुई टोचून रक्त घेणे, शिरेत सलाईन लावणे, श्वासमार्गातील स्राव नळीने शोषून घेणे हे उपचार आवश्यकच असतात. परंतु ते बालकाला दुखवितात. मोठे मूल रडून दुखणे सांगते. अपुऱ्या दिवसांच्या बालकाच्या अंगी पुष्कळदा रडण्याइतकेही बळ नसते आणि श्वासनलिकेत नळी असल्यास आवाजही उमटत नाही. ही मुकी वेदना ओळखण्याची जबाबदारी प्रामुख्याने परिचारिकेवर येते. कारण रात्रंदिवस बालकाजवळ तीच असते.

एक जुना गैरसमज

नवजात बालकांना वेदना फारशा जाणवत नाहीत, असे 1980 च्या दशकापर्यंत वैद्यकीय क्षेत्रातही अनेकजण मानीत. भूल देणे धोक्याचे वाटत असल्याने शस्त्रक्रियाही कित्येकदा अपुऱ्या भुलीखाली होत. इंदूर येथे वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांनी ऑक्सफर्ड येथे केलेला अभ्यास 1987 मध्ये प्रसिद्ध झाला आणि या समजुतीला धक्का बसला. हृदयाजवळील रक्तवाहिनी बंद करण्याच्या शस्त्रक्रियेत ज्या अकाली बालकांना फेंटानिल हे वेदनाशामक देण्यात आले, त्यांच्या शरीरावरील ताण व नंतरची गुंतागुंत कमी आढळली. वस्तुतः वेदना आटोक्यात ठेवणारी मज्जासंस्थेची यंत्रणा या बालकांत अपुरी असल्याने त्यांना वेदना अधिकच तीव्रतेने जाणवते.

चेहऱ्याची भाषा

कॅनडातील परिचारिका-संशोधक बॉनी स्टीव्हन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये अकाली बालकांच्या वेदनेची मोजपट्टी प्रसिद्ध केली. कपाळाचा फुगवटा, घट्ट मिटलेले डोळे, नाकापासून ओठांपर्यंतची खोल घडी, नाडीची गती, रक्तातील प्राणवायू, बालकाची झोप वा जागेपणा आणि जन्मसमयीचे दिवस या सात बाबींना गुण दिले जातात. बेरीज 12 हून अधिक झाल्यास वेदना मध्यम ते तीव्र समजतात. अत्यंत अशक्त बालक दुखत असूनही निपचित पडून राहते. म्हणून ते शांत आहे एवढ्यावरून त्याला दुखत नाही, असा निष्कर्ष परिचारिकेने काढता कामा नये.

साधे उपाय

अनावश्यक टोचणी टाळणे, प्रकाश व गोंगाट कमी करणे, हातपाय अलगद दुमडून तळहातांनी आधार देणे ही परिचारिकेच्या हातची कामे होत. सुई टोचण्यापूर्वी साधारण दोन मिनिटे आईच्या दुधाचे किंवा वैद्यकीय सल्ल्याने साखरद्रावणाचे थेंब जिभेवर दिल्यास वेदना कमी होते. बालकाला आईच्या उघड्या छातीशी धरण्याची, 1978 मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झालेली, ‘कांगारू’ पद्धतीही उपकारक ठरते. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर औषधे ठरवितात. बालकाच्या श्वासावर लक्ष ठेवण्याचे काम परिचारिकेचे.

पॅरिस परिसरातील 430 बालकांच्या, 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रत्येक बालकावर दिवसाला साधारणतः 10 वेदनादायक उपचार होत असल्याचे आढळले. त्यांपैकी बहुतेक वेळी वेदनाशमनाचा खास उपाय योजलेला नव्हता. आपल्या जिल्हा रुग्णालयांतील नवजात शिशु कक्षांनीही यातून बोध घ्यावयास हवा. परिचारिकांची संख्या पुरेशी असावी, त्यांना वेदनामापनाचे प्रशिक्षण मिळावे, तापमान व नाडीबरोबर वेदनेचीही नोंद व्हावी आणि आईला बालकाजवळ बसू द्यावे. आरोग्य कक्षाला भेट देणाऱ्या पंचायत सदस्यांनी एवढ्या चार गोष्टींची चौकशी केली, तरी ज्यांना बोलता येत नाही अशांची बाजू मांडल्यासारखे होईल.