गॅस संपलेला नव्हता

कोकणात पावसाळ्यात गाडीचा एसी गारव्यासाठी लावत नाहीत, काचेतून रस्ता दिसावा म्हणून लावतात. केळशीत जुलैमध्ये बाहेर सव्वीस-सत्तावीस अंश तापमान असतं आणि हवेत पाणी इतकं, की दोरीवरचे कपडे दोन दोन दिवस ओले राहतात. गाडीत चार माणसं बसली, त्यातली दोन भिजलेली असली आणि वरून पावसाने काच गार केली, की पाच मिनिटांत आतून पांढरा थर चढतो. फडक्याने पुसलं तर ओघळ राहतात आणि समोरून येणाऱ्या एसटीचे दिवे त्या ओघळांत पसरून रस्ताच गिळून टाकतात. दापोली तालुक्यातले आमचे रस्ते अरुंद. एका बाजूला जांभ्याचा गडगा, दुसऱ्या बाजूला उतार. म्हणून ‘एसी मध्येच बंद पडतो’ ही तक्रार इथे चैनीची नसते.

एसी हवा गार करतो हे सगळ्यांना माहीत आहे, तो हवा कोरडी करतो याकडे फारसं लक्ष जात नाही. डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलवर हवा आदळली की तिच्यातलं पाणी कॉइलवर सुटतं आणि नळीवाटे गाडीखाली ठिबकतं. ही हवा पुढे हीटरच्या जाळीवरून नेता येते, म्हणजे ती कोरडी राहते आणि पुन्हा उबदार होते. काचेसाठी याहून चांगली हवा नाही. एसी चालू ठेवून तापमानाची कळ लाल बाजूला थोडी फिरवणं हा पावसाळ्यातला सर्वांत उपयोगी उपाय आहे, पण ‘लाल म्हणजे हिवाळ्यासाठी’ असं समजून कोकणातली निम्मी मंडळी त्या बाजूला हातही लावत नाहीत. विलिस कॅरियरने १९०२ मध्ये ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी वातानुकूलनाची पहिली योजना आखली, तीही माणसांना गार वाटावं म्हणून नव्हती. दमट हवेने कागद फुगायचा आणि रंगांची जुळणी बिघडायची, ते थांबवण्यासाठी होती.

आमच्या घरच्या गाडीची तक्रार अशी: सकाळी दापोलीला जाताना एसी ठणठणीत. रात्री पावसात परतताना अर्धा-पाऊण तास झाला की वारा पूर्वीइतकाच येई, पण कोमट आणि ओलसर. काच मिनिटभरात भरून जाई. मग केव्हातरी आपोआप सगळं पूर्ववत. गॅरेजमध्ये नेली की एसी शहाण्यासारखा चालायचा, आणि चालत्या एसीवर निदान ठरलेलं असायचं: ‘गॅस कमी झालाय.’ गॅस भरला जायचा, आठवडाभर पाऊस उघडलेला असला तर गुण आल्यासारखं वाटायचं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही, हे एकदा नीट समजून घेतलं पाहिजे. बंद नळ्यांत तोच तो फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅस त्याच वाटेने जाणार. शिवाय इंजिन बंद असताना गेज लावून दाब पाहिला तर गॅस किती आहे ते कळतच नाही. आर-१३४ए हा गॅस सत्तावीस अंशांना सुमारे ८८ पीएसआय दाब दाखवतो, मग नळ्यांत तो दोनशे ग्रॅम असो वा पाचशे. द्रवरूपातला थोडा गॅस शिल्लक आहे तोवर काटा तिथेच राहतो. उलट गरजेपेक्षा जास्त भरला तर दाब वाढतो आणि कॉम्प्रेसरवरचा भार नाहक वाढतो.

केळशीत दुसरं निदान तयार असतं: खारी हवा. इथे खिळे, बिजागऱ्या, पत्रे, सायकलींच्या साखळ्या, सगळं समुद्र खातो, त्यामुळे बिघाड कुठलाही असो, शेजारीपाजारी समुद्राकडे बोट दाखवतात. या वेळी ते अर्धं खरं निघालं.

दापोलीहून जे मेकॅनिक आले, त्यांनी आल्या आल्या बोनेट उघडलं नाही. अंगणात उभे राहून प्रश्नच विचारले. “काका, बंद पडतो तेव्हा वारा कमी होतो की तेवढाच राहतो?” तेवढाच. म्हणजे कूलिंग कॉइलवर बर्फ धरत नव्हता, कारण बर्फ धरला की वाराच अडतो. “गाडी उभी असताना बंद पडतो आणि पळायला लागली की चालू होतो, असं आहे का?” नाही. म्हणजे कंडेन्सरचा पंखा बंद राहून दाब चढतोय, हाही संशय मागे पडला. “दिवे लागलेले असतात?” हा प्रश्न आधी कुणी विचारलाच नव्हता. बिघाड नेहमी रात्रीच्या पावसात, म्हणजे हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं चालू असताना यायचा. त्यांनी मान हलवली आणि पिशवीतून एक साधा बल्ब काढला.

त्या बल्बचं काम पाहण्यासारखं होतं. कॉम्प्रेसरच्या पुढच्या पुलीवर इंजिनचा पट्टा सतत फिरत असतो, पण कॉम्प्रेसर स्वतः तेव्हाच फिरतो जेव्हा पुलीसमोरची पोलादी तबकडी तिला चिकटते. पुलीमागे तांब्याच्या तारेची कॉइल असते. तिला वीज मिळाली की चुंबक तयार होतो आणि तबकडी ‘टक’ आवाज करून ओढली जाते. वीज गेली की स्प्रिंगा तिला मागे खेचतात. याला मॅग्नेट क्लच म्हणतात. मेकॅनिकनी कॉइलकडे जाणाऱ्या वायरीला बल्बचं एक टोक जोडलं, दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि लांब वायर बोनेटच्या फटीतून काढून बल्ब डॅशबोर्डवर चिकटपट्टीने बसवला. हवा कोमट झाली आणि बल्बही विझला, तर दोष मागे: रिले, प्रेशर स्विच, थर्मोस्टॅट किंवा वायरिंग. बल्ब पेटलेला आणि हवा कोमट, तर हुकूम पोचतोय, क्लचच तो पाळत नाही. अधूनमधून येणाऱ्या बिघाडात निम्मी वाट बंद करून टाकणारी अशी युक्ती मला फार मोलाची वाटते, कारण ती बिघाड प्रत्यक्ष घडत असताना साक्ष देते. चालत असलेल्या वस्तूचे सुटे भाग बदलून काहीच सिद्ध होत नाही.

अंधार पडल्यावर पावसात आडे गावाकडच्या रस्त्याला लागलो. दिवे, वायपर, ब्लोअर चारवर. बल्ब मधूनमधून विझायचा आणि पुन्हा पेटायचा. कूलिंग कॉइल पुरेशी गार झाली की थर्मोस्टॅट कॉम्प्रेसर थांबवतो, तापली की लावतो, त्यामुळे त्यात वावगं काही नव्हतं. चढ चढून झाला, वेग कमी झाला, बल्ब विझला, पेटला. पेटलेलाच राहिला आणि काच धुरकटली. इतक्या झपाट्याने का, तेही त्यांनी सांगितलं: कॉम्प्रेसर थांबला की कूलिंग कॉइलवर साठलेलं पाणी ब्लोअरच्या वाऱ्याने उडून परत गाडीतच येतं. म्हणजे एसी मुळात लावलाच नसता तर काच भरायला थोडा वेळ तरी लागला असता.

इंजिन बंद न करता तसेच अंगणात परतलो. मी छत्री धरली, त्यांनी डोक्याला बॅटरी बांधली. पुली फिरत होती, तबकडी स्थिर. मल्टिमीटरची एक पिन क्लच-कॉइलच्या काळ्या अर्थिंग वायरीला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं. आलं १.२ व्होल्ट. “काका, हेडलाइट बंद करा.” आकडा खाली येऊन ०.४ वर थांबला, ‘टक’ झालं आणि तबकडी फिरू लागली. पुन्हा दिवे लावले, तरी ती चिकटलेलीच राहिली. हे मला कोड्यात टाकणारं होतं. उत्तर असं, की फट बुजल्यावर तबकडी धरून ठेवायला फारसं बळ लागत नाही, बळ लागतं ते लांबून ओढून घेताना. म्हणून बिघाड फक्त थर्मोस्टॅटने थांबवून पुन्हा लावण्याच्या क्षणी यायचा, आणि म्हणूनच तो लहरी वाटायचा.

हेडलाइटच्या मागे बॉडीच्या एका बोल्टवर दिव्यांची, पंख्याची आणि क्लचची अशी सगळी अर्थिंग एकत्र आणलेली होती. बोल्ट खोलला तेव्हा खालून गंजाची पूड आणि वायरीच्या टोकाला हिरवा कळंक निघाला. समुद्राचा हात तिथवर होता. दिवे लागले की त्यांचाही करंट त्याच खराब सांध्यातून जाई आणि क्लचच्या वाट्याचे व्होल्ट खाई.

पण त्यांनी तिथेच थांबायचं नाकारलं. “एवढ्याने नवा क्लच सुटला नसता.” इंजिन बंद करून त्यांनी तबकडी आणि पुली यांच्यामधल्या फटीत फिलर गेजची पाती सरकवली. साधारण अर्धा मिलिमीटर फट हवी, तिथे ०.९ ची पाती सहज गेली. वर्षानुवर्षं टक-टक करून तबकडी झिजली होती. मग तापलेल्या कॉइलचा रेझिस्टन्स मोजला: साडेचार ओहम. दुपारी थंड असताना तो साडेतीन आला होता. तांबं तापलं की दर अंशाला त्याचा रेझिस्टन्स ०.४ टक्क्यांच्या आसपास वाढतो. थंड असताना कॉइलमधून जवळजवळ चार अँपियर जात होते, रात्री दिवे लावून, इंजिन मंद असताना, गंजलेल्या अर्थिंगमधून जेमतेम पावणेतीन. चुंबकाची ओढ करंटच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणजे ती निम्म्याहूनही खाली, आणि ओढायचं अंतर जवळजवळ दुप्पट. झिजलेली तबकडी, तापलेलं तांबं, गंजलेला बोल्ट आणि पेटलेले दिवे यांतलं एकेकटं काहीच एसी बंद पाडायला पुरेसं नव्हतं. चारही एकत्र आले की तो बंद. गॅरेजमध्ये दिवसा, थंड इंजिनावर, दिवे बंद असताना हे कोणाला दिसणार?

गाड्यांच्या एसीत हा क्लच मुळात नव्हता, हेही सांगायला हवं. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने १९३९ मध्ये कारखान्यातून एसी बसवलेल्या गाड्या आणल्या, तेव्हा एसी बंद करायचा तर इंजिन थांबवून, बोनेट उघडून कॉम्प्रेसरचा पट्टा काढावा लागे.

दुरुस्ती थोडक्यात आटोपली. बोल्टखालचा पत्रा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासला, वायरीचं टोक कापून नवी रिंग दाबून बसवली, वर ग्रीस. क्लचची अर्थिंग वेगळी काढून थेट बॅटरीला दिली. तबकडीचा मधला बोल्ट काढून मागची एक पातळ चकती, म्हणजे शिम, कमी केली, पुन्हा गेज घातलं: अर्धा मिलिमीटर. मल्टिमीटर, दिवे लागलेले असताना, ०.१ व्होल्ट. शेवटी गेज लावून चालत्या इंजिनवर दोन्ही बाजूंचे दाब पाहिले. जास्तीचा गॅस होता, तो त्यांनी यंत्राने खेचून घेतला आणि वजन करून हवा तेवढाच परत भरला.

आता मागे एकच शिम उरली आहे. ती काढायची वेळ येईल तेव्हा तबकडीच बदलावी लागेल, असं ते सांगून गेले, आणि उरलेली अर्थिंगची टोकंही पुढच्या मृगाआधी खोलून घासून घ्या, असंही.