वाचलेल्या ग्रंथांचें टिपण

वाचलेल्या ग्रंथांचें टिपण ठेवणें हें विद्यार्थ्यांचें काम, असा पुष्कळांचा समज दिसतो. परंतु मूळ ग्रंथ नष्ट झाल्यावर वाचकाचें टिपण हेंच त्याचें मुख्य साधन होऊन बसतें. ह्याचें एक उदाहरण येथें देतों. त्याचा हिंदुस्थानाशीं साक्षात् संबंध आहे.

इ. स. च्या ९ व्या शतकांत कॉन्स्टँटिनोपलचा धर्माध्यक्ष झालेला फोटियस ह्यानें, आपण वाचलेल्या ग्रीक ग्रंथांचीं २८० टिपणें आपला बंधु तारासियस ह्याच्यासाठीं लिहिलीं. बहुतेक टिपणांचा आरंभ ‘वाचला’ अशा अर्थाच्या क्रियापदानें होतो. पुढें ग्रंथकर्ता, विषय, शैली इत्यादि माहिती येते. कांहीं टिपणें चार ओळींचीं, तर कांहीं अनेक पृष्ठांचीं आहेत.

ह्यांपैकीं ७२ वें टिपण आपल्या कामाचें आहे. इराणचा बादशहा दुसरा आर्टाक्झर्क्सीस ह्याच्या दरबारचा ग्रीक वैद्य क्टेसियस ह्यानें इ. स. पू. ४०० च्या सुमारास ‘इंडिका’ हा ग्रंथ रचला. मूळ ग्रंथ लुप्त आहे. इतरांनीं घेतलेले कांहीं उतारे सोडल्यास, तो आपणांस मुख्यतः फोटियसच्या सारांशावरूनच कळतो. त्या सारांशांत श्वानमुखी मनुष्यें, मनुष्यभक्षक अद्भुत पशु इत्यादिकांचा भरणा असल्यामुळें क्टेसियस केवळ गप्पीदास ठरला. प्राचीनांनींही त्यास तोच दोष दिला आहे, हें खरें. तथापि सारांश करणारानें अद्भुत तेवढें वेंचून साधी हकीकत गाळली असल्यास, त्याचें माप ग्रंथकाराच्या पदरीं घालणें न्याय्य नव्हे. काय घेतलें हें दिसतें. काय सोडलें हें दिसत नाहीं.

हाच दोष आमच्याही हातून घडला आहे. आमच्या एका जुन्या वहींत एका खंडित पोथींतील आवडलेले श्लोक तेवढे उतरलेले आहेत. पत्रसंख्या नाहीं, पुष्पिका नाहीं. ती पोथी पुढें वाळवीनें खाल्ली. आतां त्या श्लोकांचा कर्ता ठरविण्यास आधार उरला नाहीं.

म्हणून पोथी पाहतांच ती कोठें व केव्हां पाहिली हें प्रथम नोंदावें. आदि, अंत व पुष्पिका अशुद्धांसह जशींच्या तशीं उतरावीं. पत्रसंख्या, गहाळ पत्रें आणि न वाचलेला भाग स्पष्ट लिहावा. स्वतःचें मत निराळ्या पानावर ठेवावें. पोथी आपल्या हयातींत राहील, असें धरून टिपण करूं नये.