सिरपूरला कधी जावे?



डिसेंबर लागला की शाळेत एकच चौकशी सुरू होते, ‘सिरपूरची सहल केव्हा?’ आमचे म्हणणे असे की सिरपूर एका सहलीत पाहून होत नाही. मागे एकदा आम्ही मुलांना घेऊन सकाळी अकराला पोहोचलो. पक्षी दूर मध्यभागी, पंखांत चोची खुपसून बसलेले आणि काठावर आमचे डबे! चूक आमचीच. उजाडता उजाडता पोहोचायला हवे.

धार रोडवरचा हा तलाव विसाव्या शतकाच्या सुरुवातीला होळकरांनी बांधला. पुढे अतिक्रमण, झाडतोड आणि शिकारीमुळे त्याची दशा झाली. आपल्या इंदूरचे छायाचित्रकार पद्मश्री भालू मोंढे आणि त्यांच्या ‘नेचर व्हॉलंटिअर्स’च्या मंडळींनी वर्षानुवर्षे खटपट केली, म्हणून तो वाचला. ऑगस्ट २०२२ मध्ये सिरपूर आणि यशवंतसागर, दोन्ही रामसर यादीत आल्याचे जाहीर झाले.

पावसाळ्यात तलाव तुडुंब भरला तरी पाणी जेमतेम दोन मीटर खोल. सगळी गंमत याच उथळपणात आहे. हिवाळ्यात उत्तरेकडून, थेट हिमालयापलीकडूनही बदके येतात. त्यांत तलवार बदक बुडी मारत नाही. डोके खाली, शेपटी वर करून मान पोहोचेल तेवढेच खाते. थापट्या आपल्या रुंद चोचीने वरचे पाणी गाळत फिरतो. लालसरी मात्र बुडी मारून तळाशी जाते. आणि मुले ज्याला ‘काली बतख’ म्हणतात, ते बदकच नव्हे, तो वारकरी. काळे अंग, कपाळावर पांढरा टिळा. हे नाव घरातल्या आजीला सांगून पाहा, लगेच पटेल.

‘गाळ काढा, तलाव खोल करा’ म्हटले की सभेत टाळ्या पडतात. पण काठ उथळ राहिले नाहीत, तर तलवार बदकाने चरायचे कुठे? सांडपाण्याचेही तेच. पाण्याला नको इतके खत मिळते, जलकुंभी (मराठीत जलपर्णी) माजते आणि उघडे पाणी झाकून जाते. एकदा उपसली म्हणजे काम संपले, असे होत नाही.

मार्चपर्यंत पाहुणे परततात. मग उन्हाळ्यात पाणी आटते, मासे थोड्या जागेत कोंडतात आणि बगळे, ढोक यांची चंगळ होते. चमचा पक्षी चोच पाण्यात घालून डावी-उजवी फिरवत चालतो, तो बघण्यासारखा. ऊन मात्र फार. टोपी आणि पाणी विसरू नये.

पावसाळ्यात कुणी जात नाही. खरे तर घरटी तेव्हाच दिसतात. कमळपक्ष्याची मादी पानांवर अंडी घालून मोकळी होते, उबवतो नर! टिबुकली घरटे सोडताना अंडी ओल्या पाल्याने झाकून ठेवते. सारस पाहायचा असेल, तर मात्र यशवंतसागराकडे जावे; घरट्यापासून लांबच थांबावे.

तेव्हा यंदा एक नव्हे, तीन सहली ठेवल्या आहेत: ऑगस्ट, डिसेंबर आणि एप्रिल. बस सकाळी साडेपाचला शाळेच्या फाटकातून निघेल. मुलांना लाल-पिवळे कपडे घालू नयेत, वही-पेन्सिल द्यावी. डबा परत आल्यावर शाळेतच खाऊ.