राष्ट्रीय सेवा योजनेतील पहिले वर्ष

महाविद्यालयात नव्याने प्रवेश घेतलेले विद्यार्थी आम्हांस नेहमी विचारतात, "एन.एस.एस.ला नाव द्यावे काय? जादा गुण मिळतात म्हणे." काही विद्यापीठांत ते मिळतात, हे खरे. गुणांसाठी नाव देण्यात गैर नाही. आम्हीही त्यासाठीच दिले होते.

महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू केली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करावयाचे असते. शिवाय दत्तक गावात सात दिवसांचे विशेष शिबिर असते. बिल्ल्यावर कोणार्कच्या सूर्यमंदिराचे रथचक्र आहे. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर. कोणत्याही प्रहरी सेवेस तयार असावे, असा त्याचा अर्थ सांगतात.

पहिले काही तास कंटाळवाणे जातात. परिसर स्वच्छता, वृक्षारोपण, प्रभातफेरी, नोंदवहीत तास लिहिणे. खरी परीक्षा शिबिरात होते. पहाटे उठणे, शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपणे, पाळीपाळीने स्वयंपाक करणे आणि कोणाच्याही हातचे सर्वांनी जेवणे. हे शेवटचे सर्वांत महत्त्वाचे, असे आमचे मत आहे.

आमच्या पहिल्या शिबिरात श्रमदान कोठे करावयाचे, हे आधीच ठरलेले होते. रस्त्यालगतचे शाळेचे मैदान सपाट करावयाचे होते. टिकाव, फावडे, घमेले घेऊन आम्ही चार दिवस राबलो, हातांना फोड आले. पाचव्या दिवशी सर्वेक्षणासाठी गावाच्या टोकाच्या वस्तीत गेलो, तेव्हा एका आजीने विचारले, "पोरांनो, इकडं कवा येणार?" हातपंपाभोवती गुडघाभर चिखल होता व त्यातूनच बाया पाणी भरीत होत्या. आम्ही चार दिवस गावात होतो आणि हे पाहिले नव्हते!

उरलेल्या दोन दिवसांत तेथे शोषखड्डा खणला. तो पंपाला लागून खणू नये, सांडपाणी चर काढून दूर न्यावे. तळाशी मोठे दगड, वर लहान, त्यावर खडी, आणि तोंडाशी भोके पाडलेले मडके. त्यात काडीकचरा अडकतो व खड्डा बुजत नाही. चिखल आटला. आम्ही फोटो काढून परतलो.

पुढच्या वर्षी गेलो, तर खड्डा तुंबलेला व चिखल जसाच्या तसा. मडके वरचेवर साफ करावे लागते, हे आम्ही वस्तीत कोणालाच सांगितले नव्हते. खणताना त्यांना सोबत घेतले असते, तर वेगळे सांगावेही लागले नसते. आजी काही बोलल्या नाहीत, चहा मात्र दिला. तो खड्डा वस्तीतील तरुणांबरोबर पुन्हा उपसला. दगड कसे रचावेत, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक होते!

म्हणून नाव नोंदवलेल्या विद्यार्थ्यांना आमची सूचना अशी, की दत्तक गाव कोणते, हे कार्यक्रम अधिकाऱ्यांना आधीच विचारून घ्यावे. शिबिरापूर्वीच्या एखाद्या रविवारी दोघातिघांनी तेथे जाऊन यावे. मुख्य रस्त्यावरून परत न फिरता शेवटच्या घरापर्यंत चालावे, आणि पाणी कोठून भरता, हे विचारावे. हे तास नोंदवहीत धरले जातील की नाही, याची चौकशी नंतर करता येईल.